वजा वीस

रविवारी दुपारी साहेब दुकानात शिरला तो काखेत फाइल मारूनच, आणि दुकान सांभाळणाऱ्या अक्काला तेव्हाच कळलं की आज कोणाचं तरी काही खरं नाही.

अक्काच्या या पाठच्या भावाला घरात साहेब म्हणत ते कौतुकानं नव्हे. वजनकाटे दुरुस्तीचं तीन पिढ्यांचं दुकान सोडून तो विमा कंपनीत लागला, आणि तिथं लोकांच्या दाव्यांची छाननी करता करता त्याला अशी खोड जडली की कोणी ‘डोकं दुखतंय’ म्हणालं तरी तो आधी ‘कधीपासून?’ विचारी आणि मग ‘कागद आहे का?’ महिन्यातून एकदा यायचा, चहा प्यायचा, सगळ्यांना शहाणपण शिकवायचा आणि संध्याकाळच्या बसनं परत जायचा. उंटावरून शेळ्या हाकायला त्याला उंटसुद्धा लागत नसे.

शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. या घरातले निर्णय वरच्या दोन खोल्यांत कधी झालेच नाहीत, ते खाली दुकानातल्या लांब बाकाशी व्हायचे. साहेबाची नोकरी इथंच गाजली होती, धाकट्या भावाचं लग्न इथंच ठरलं होतं, आणि नऊ वर्षांपूर्वी ‘मुलीला रक्ताचा कॅन्सर आहे’ हे धाकट्यानं सांगितलं तेही इथंच, कुणाचा तरी अर्धा उघडलेला काटा हातात धरून. तो काटा नंतर अक्कानं जोडला होता.

आज तिघांचे वडील आप्पा आपल्या उंच स्टुलावर होते. एक्क्याऐंशीव्या वर्षी हात थरथरायला लागले तसं त्यांनी बारीक वजनांना हात लावणं सोडलं, पण स्टूल काही सोडलं नाही. धाकटा पक्कडीशी चाळा करत बाकाच्या टोकाला बसला होता. त्याची बायको जिन्याच्या पायरीशी उभी होती, हाताची घडी घालून. आणि जिच्यासाठी ही सगळी पंचाईत, ती धाकट्याची मुलगी गुंज दाराजवळच्या मोठ्या प्लॅटफॉर्म काट्यावर मांडी घालून बसली होती. लहानपणापासून तिची तीच जागा. काटा चालू होता आणि त्याचे लाल आकडे सांगत होते, एकतीस किलो दोनशे.

गुंजचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर. घरात आप्पांनी ठेवलेलं चालायचं. जन्मली तेव्हा ती इतकीशी होती, आणि सोनाराच्या तराजूतलं सगळ्यांत लहान वजन म्हणजे गुंज. थट्टेनं ठेवलेलं नाव पुढे खरं होऊन बसलं, हे आप्पांना फार लागलं होतं. ते बोलून दाखवत नसत, पण नाव बदलायचा त्यांनी दोनदा प्रयत्न केला होता. गुंजनंच बदलू दिलं नाही.

“तर,” साहेबानं फाइल उघडली. “गुरुवारी नेमकं काय झालं? कुणीतरी एकानं सांगा.”

“तुला फोनवर सांगितलंय,” अक्का म्हणाली.

“फोनवरचं वेगळं. समोरासमोर वेगळं.”

मग धाकट्यानं सांगितलं. हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंनी गुंजचं रक्त तपासलं. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा सहा महिन्यांपूर्वी पाच पूर्णांक सहा होता, तो सहा पूर्णांक चारवर गेला होता. मधुमेहाच्या अगदी उंबरठ्यावर. घरची वही मात्र म्हणत होती की रोज सकाळी उपाशीपोटी साखर अठ्ठ्याण्णव, शंभर, एकशे तीन, सगळं कसं छान. बाईंनी दोन्ही शेजारी ठेवलं आणि म्हणाल्या, ह्या दोन्ही गोष्टी एकाच मुलीच्या असू शकत नाहीत. कुठली खरी ते शोधून सोमवारी या. तोवर सुई बंद.

सुई म्हणजे वाढीच्या हार्मोनची, रोज झोपायच्या आधी मांडीत घ्यायची. चौथ्या वर्षी कॅन्सर, सहाव्या वर्षी तो परतलेला, मग सगळ्या अंगाला किरणं आणि कुणा अनोळखी माणसाची अस्थिमज्जा. रोग गेला. पण किरणांना डोळे नसतात. जाताना त्यांनी डोक्यातली वाढीची ग्रंथीही भाजून टाकली, आणि मुलगी होती तिथं थांबली. पाच वर्षं रोग परतला नाही हे पाहून अकराव्या वर्षी सुई सुरू झाली आणि पहिल्याच वर्षात ती नऊ सेंटिमीटर वाढली. आप्पांनी तेव्हा आख्ख्या बाजाराला चहा पाजला होता.

बाईंनी सुरुवातीलाच बजावलं होतं की एवढे उपचार सोसलेल्या शरीराची साखर तशीही वर जायला बघते, त्यात हे हार्मोन तिला आणखी ढकलतं. म्हणून रोज सकाळी बोट टोचायचं आणि वहीत आकडा लिहायचा. गुंज लिहायची, आणि दर रविवारी अक्का तपासून खाली सही करायची. आकड्यांचं काम असल्यावर या घरात दुसऱ्या कुणाकडे जाणार?

आता ती एकशे छत्तीस सेंटिमीटर होती. हाडांची टोकं बंद व्हायला, बाईंच्या अंदाजानं, दीड वर्ष उरलं होतं. त्यानंतर सुयांचा डोंगर रचला तरी उंची वाढत नाही. आणि सुई तीन दिवसांपासून फ्रिजमध्ये पडून होती.

“सरळ आहे,” साहेब म्हणाला. “रक्त खोटं बोलत नाही. वही बोलते. वही कोण लिहितं?”

प्लॅटफॉर्मवरचे आकडे किंचित हलले आणि परत स्थिर झाले.

“ती लिहिते, मी सही करते,” अक्का म्हणाली. “माझ्या सहीचा कागद आजवर परत आलेला नाही. सव्वीस वर्षं झाली.”

“ताई, तुझी सही भाजीवाल्यांच्या काट्यावर. इथं गोष्ट वेगळी आहे.”

“काय वेगळी? आकडा तो आकडा.”

“चोरून खात असेल पोरगी. मग घाबरून आकडे कमी लिहीत असेल. माझ्या टेबलावर रोज अशी दहा प्रकरणं येतात.”

“दादा,” जिन्याच्या पायरीवरून गुंजची आई म्हणाली, “तुमच्या टेबलावर येतात ती गाड्यांची प्रकरणं. ही मुलगी आहे. हिच्या डब्यात काय जातं ते मी भरते, आणि परत काय येतं ते मी बघते. हॉस्पिटलात दोन वर्षं हिला एकेक घास भरवताना माझ्या नाकी नऊ आले, तेव्हा तुम्ही फोनवर होतात.”

“मी फक्त शक्यता मांडतोय.”

“मांडा. आणि उचलूनही घेऊन जा.”

अक्काला हसू आलं ते तिनं ओठांत दाबलं. भावजयीचं आणि तिचं एरवी फारसं जमत नसे. सुई सुरू करायलाच गुंजच्या आईचा विरोध होता, आणि अक्कानं तेव्हा धाकट्याच्या बाजूनं बोलून तो मोडून काढला होता. त्याला दोन वर्षं झाली होती तरी ती जखम अजून भरलेली नव्हती. आज मात्र दोघी एका पारड्यात होत्या.

तसं ते फार वेळ टिकलं नाही.

“खरं सांगू का,” गुंजची आई म्हणाली, आणि आता ती साहेबाशी बोलत नव्हती. “वही खरी असो की खोटी. रक्तात साखर वाढलीय ना? मग कायमची बंद करा ती सुई. मला उंच मुलगी नको, मला मुलगी हवी. एकदा मरणाच्या दारातून आणलीय. आता मधुमेह कशाला विकत घ्यायचा?”

“आणि उद्या ती विचारेल तेव्हा?” धाकट्यानं पक्कड खाली ठेवली. “अजून बसमध्ये तिला अर्धं तिकीट देतात. ती आपण होऊन पूर्ण मागते, तर कंडक्टर हसतो. परवा त्यानं तिच्या गालाला हात लावला. तेरा वर्षांची आहे ती. आणि ती सुई नुसती उंचीची नाही, स्नायूंना, हाडांना, सगळ्याला लागते. बाईंनी सांगितलंय.”

“गालाला हात लावला म्हणून कुणी मरत नाही.”

“मरत नाही. पण…”

“मी बोलू का?” साहेब म्हणाला. “धाकटा म्हणतो ते बरोबर आहे. पण आधी खरं-खोटं ठरू दे. मीटर कुठाय?”

असं सगळे जण एकमेकांच्या पारड्यातून उड्या मारत असताना आप्पांचं लक्ष दुसरीकडे होतं. ते फक्त काट्यावर बसलेल्या नातीकडे बघत होते. गुंजनं शाळेच्या दप्तरातून साखरेचं मीटर काढलं आणि काकाच्या हातात दिलं. तिचा हात शांत होता. आकडे मात्र तीस ग्रॅमनं वर-खाली झाले.

साहेबाच्या अंगात यंत्रांची जाण नव्हती, म्हणून तर त्यानं दुकान सोडलं होतं. पण मीटरची स्मरणशक्ती कशी उघडायची ते तो आदल्या रात्री बघून आला होता. त्यानं बटण दाबलं, चष्मा कपाळावर चढवला आणि वही पुढे ओढली.

“बुधवार. वहीत एकशे एक. मीटरमध्ये एकशे एकवीस.” बटण. “मंगळवार. वहीत अठ्ठ्याण्णव. मीटरमध्ये एकशे अठरा.” बटण. “सोमवार. वहीत एकशे चार, मीटरमध्ये…” तो थांबला, कारण त्याला त्या क्षणाची चव घ्यायची होती. “एकशे चोवीस.”

त्यानं मीटर बाकावर ठेवलं.

“दर वेळी बरोबर वीस कमी. एकोणीस नाही, एकवीस नाही. याला पद्धतशीर म्हणतात. मला वाईट वाटतं, पण हे पोरीनं केलंय.”

गुंजची आई पायरीवरून खाली आली. “गुंज?” तिच्या आवाजातला मघाचा कडकपणा पार गेला होता. “अगं, बोल ना. का केलंस?”

गुंज अक्काकडे बघत होती.

वीस हा आकडा अक्कानं ऐकला. तिला सगळं एका दमात दिसलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्यातलीच गत. तीन दिवस ती रक्त, वही, पोरगी, डबा, सगळं शोधत बसली होती आणि मूळ तिच्याच हाताखालून गेलं होतं.

या धंद्यात एक रीत आहे. जुन्या तराजूची एक बाजू हलकी भरली तर त्या बाजूला दोऱ्यानं बारीकसं वजन बांधतात, त्याला पासंग म्हणतात. विजेच्या काट्याला दोरा कुठे बांधणार? म्हणून तिथं खऱ्या वजनाशी ताडून बघायचं आणि पत्र्यावर चिठ्ठी लावायची की काटा इतके ग्रॅम जास्त दाखवतो, तेवढे वजा धरा. आठ महिन्यांपूर्वी गुंजचं रक्त तपासायला अक्का सोबत गेली होती. प्रयोगशाळेचा आकडा आला अठ्ठ्याण्णव. त्याच सकाळी, तिथंच बाकावर बसून घरच्या मीटरवर बघितलं तर एकशे अठरा. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, असेल काहीतरी. अक्का काट्यांच्या घरातली. तिनं पर्समधून चिठ्ठी काढली, स्वच्छ अक्षरात ‘वजा वीस’ लिहिलं, खाली सही केली, मीटरच्या डबीत चिकटवली आणि गुंजला सांगितलं, “रोज यातून वीस वजा करून लिही.” एवढी क्षुल्लक गोष्ट तिनं कुणाला सांगितलीही नव्हती. पुढे ती तिच्या डोक्यातूनही गेली, कारण चुकीचा काटा दुरुस्त केल्यावर माणूस तो लक्षात ठेवत नाही.

आणि ती पोरगी आता सगळ्यांच्या नजरा झेलत बसली होती आणि ‘आत्यानं सांगितलं’ एवढे दोन शब्द उच्चारत नव्हती. आपल्याला पाठीशी घालतेय, असं अक्काच्या मनात आलं. त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार आला, तो लाजिरवाणा होता. पोर बोलली नाही तर कुणाला कळणार नाही.

धाकट्यानं कुणालाच नको असलेला चहा आणला. अक्का तो चहा पिऊन होईपर्यंत गप्प राहिली. पुढे आयुष्यभर तिला स्वतःची लाज वाटली ती त्या चुकीपेक्षा त्या एका कप चहाची. सव्वीस वर्षांत परत न आलेली सही, साहेबाचा चेहरा, भावजयीनं दोन वर्षं जपून ठेवलेला राग, सगळं तिनं मनात एकेक करून तोलून पाहिलं. समोर बसलेल्या एकतीस किलोंपुढे ते पासंगालाही पुरेना.

“पोरीनं नाही,” तिनं कप खाली ठेवला. “मी केलं.”

आणि तिनं सांगितलं. सांगताना काही मऊ केलं नाही.

साहेबानं मीटर उचललं आणि परत ठेवलं. एवढ्या वर्षांत ताईची चूक पहिल्यांदा हाती लागली होती, आणि तिचं काय करायचं ते त्याला सुचेना.

आप्पांनी स्टुलावरून विचारलं, “ताडून किती वेळा बघितलंस?”

हाच प्रश्न येणार हे अक्काला माहीत होतं. कोपऱ्यावरच्या फळवाल्याचा काटा असला तरी तीन वेगवेगळ्या वजनांवर, तीन-तीन वेळा ताडायचा, ही आप्पांनी घालून दिलेली शिस्त. ती तिनं स्वतः शंभर लोकांना शिकवली होती.

“एकदा.”

“एकदा?”

“आप्पा, नऊ वर्षं तिला टोचतायत. त्या दिवशी सुद्धा शीर सापडेना म्हणून दोन्ही हात टोचले होते. अजून दोनदा रक्त काढा, असं सांगायचं माझ्याच्यानं झालं नाही.” अक्का तशीच पुढे म्हणाली. “काट्याला दुखत नाही ना. म्हणून तिथं तीनदा जमतं.”

आप्पांनी मान खाली घातली. गुंजची आई अक्काकडे बघत राहिली. दोन वर्षांत तिनं नणंदेकडे असं पाहिलं नव्हतं. मग ती म्हणाली, “म्हणजे हिनं काही केलेलं नाही,” आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवायला पुढे झाली.

“केलंय,” गुंज म्हणाली.

तिनं कंपासपेटी उघडली आणि आतून एक चुरगळलेली चिठ्ठी काढून बाकावर ठेवली. ‘वजा वीस’, खाली अक्काची सही.

“त्या दिवशी मी संत्रं सोललं होतं. खाल्लं नव्हतं, तुझं होईपर्यंत थांबले होते. हाताला रस होता. मीटरला तोच गोड लागला असणार.” ती आत्याशीच बोलत होती, बाकी कुणी तिथं नसल्यासारखं. “मला ते नंतर कळलं. शाळेत परीक्षानळ्या धुवायला शिकवलं तेव्हा. मग मी घरी संत्र्याच्या हातानं बघितलं आणि हात धुवून बघितलं. रस असला की आकडा वर जायचा, पण हात धुतले तरी एकशे अठरा येत होतं. म्हणजे मीटर बरोबर होतं आणि साखर खरीच वाढली होती.”

“कधी कळलं?” धाकट्यानं विचारलं.

“चार महिने झाले. आठवीचं पहिलं सत्र होतं.”

“आणि तरी वजा करत राहिलीस?”

“चिठ्ठी तिथं होतीच की. आत्याची सही होती.” गुंजनं पहिल्यांदा मान खाली घातली. “नंतर मी ती काढून ठेवली. कुणी परत तपासू नये म्हणून. खरं लिहिलं असतं तर सुई बंद झाली असती. आईला तर बंदच करायची होती.”

लाल आकडे आता एका जागी ठरत नव्हते. ती रडत होती, पण आवाज न करता, हॉस्पिटलात शिकलेलं रडणं. तिची आई काट्यावर चढून तिच्याशेजारी बसली, आणि काट्यानं इमानेइतबारे दोघींचं मिळून वजन दाखवलं.

साहेबानं हळूच फाइल मिटली. “मी चुकीच्या माणसावर आळ घेतला,” तो म्हणाला, आणि मग सवयीनं, “म्हणजे, निम्मा.”

“तू गप्प बस रे,” आप्पा म्हणाले. ते स्टुलावरून उतरले, त्याला वेळ लागला. “आपल्या दुकानात चुकीची सही झाली तर काय करायचं?”

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. ज्याची सही त्यानं स्वतः गिऱ्हाइकाच्या दारात जायचं. नोकर पाठवायचा नाही, फोन करायचा नाही. उभं राहून सांगायचं, चूक आमची.

“दोघी जा,” आप्पा म्हणाले.

सोमवारी दोघी नव्हे, तिघी गेल्या. गुंजच्या आईनं ग्रंथालयातल्या आपल्या नोकरीवर रजा टाकली. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत खुर्च्या दोनच होत्या, आणि अक्का तशीही बसणार नव्हती.

“चूक आमची,” ती म्हणाली. “मी केली. कशी केली ते सांगते.”

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. “घरचं मीटर दहा-पंधरा टक्के इकडे-तिकडे दाखवणारच,” त्या म्हणाल्या. “ते धरूनच मी आकडा वाचते. तुम्ही माझ्याआधीच दुरुस्ती करून ठेवलीत.”

“हो.”

“सव्वीस वर्षांचा अनुभव म्हणायचा.” त्यात टोमणा होता, पण फार धारदार नव्हता. मग त्या गुंजकडे वळल्या. “आणि तू. चार महिने आधी खरं कळलं असतं तर मी काय केलं असतं, माहीत आहे?”

“सुई बंद.”

“नाही. डोस थोडा कमी केला असता आणि गोळी सुरू केली असती. सुई चालू राहिली असती. खरा आकडा समोर असला की मला मार्ग काढता येतो. खोटा असला की घाबरून सगळंच थांबवावं लागतं. गेले चार दिवस तेच झालं.”

गुंजच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते अक्कानं बघितलं आणि नजर खिडकीकडे वळवली. ज्या भीतीनं पोरीनं आकडे लपवले, त्या लपवण्यानंच सुई थांबली होती. हे तेरा वर्षांच्या मुलीला सांगून समजावं लागत नाही.

“मी काही चोरून खाल्लं नव्हतं,” गुंज म्हणाली. “काकाला वाटलं होतं.”

“मला माहीत आहे. तुझी साखर तुझ्या खाण्यानं नाही वाढली. तुला बरं करताना आम्ही जे केलं, त्याची ती बाकी आहे. त्यात तुझा दोष नाही.”

गुंजच्या आईनं पदरानं डोळे पुसले. “मग आता?”

आता म्हणजे साखरेचं पाणी पिऊन दोन तासांची तपासणी. ती झाली, एकशे अठ्ठ्याहत्तर आलं. मधुमेह नाही, पण त्याच्या अंगणात. सुई सुरू, डोस एक तृतीयांश कमी. जेवणाबरोबर गोळी. दर तीन महिन्यांनी रक्त, आणि आकडा आणखी चढला तर सुई खरोखर थांबणार, त्यावर वाद नाही.

“डोस कमी म्हणजे उंची किती कमी होईल?” गुंजनं विचारलं.

“ते मी लिहून देणार नाही. दोन सेंटिमीटर असेल. काहीच नसेल.”

गुंजनं मान डोलावली. दोन सेंटिमीटर म्हणजे किती, हे तिनं अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून पाहिलं आणि हात खिशात घातला. गुंजच्या आईनं या वेळी ‘बंद करा’ म्हटलं नाही. तिनं फक्त गोळी जेवणाआधी की नंतर, एवढं विचारून घेतलं.

निघताना अक्का मागे राहिली. प्रयोगशाळेच्या खिडकीशी जाऊन तिनं मीटर पुढे ठेवलं आणि स्वतःचा हात लांब केला. “हे ताडून बघायचंय. माझं रक्त काढा, आणि लगेच यावर बोट टोचा. आता एकदा. जेवणानंतर एकदा. उद्या सकाळी उपाशीपोटी परत.”

“तुम्हाला साखर आहे का?” आतल्या मुलानं विचारलं.

“नाही.”

“मग कशाला टोचून घेताय?”

“काटा तीनदा ताडायचा असतो,” अक्का म्हणाली. त्याला काही कळलं नाही, पण त्यानं टोचलं.

तिन्ही वेळचे फरक तिनं दुकानाच्या वहीत लिहिले. चार जास्त. तीन कमी. दोन जास्त. मीटर निर्दोष होतं.

बुधवारी सकाळी गुंज बाकाशी आली. नळाखाली साबणानं हात धुतले, पुसले, वाळू दिले. अक्का समोर बसली होती, कोपराच्या आत कापसाचे बोळे चिकटलेले आणि तीन बोटांवर तीन काळे ठिपके. गुंजनं त्या ठिपक्यांकडे पाहिलं. स्वतःचं बोट टोचलं, थेंब पट्टीला लावला. दोघी आकड्याची वाट बघत बसल्या.

“एकशे बावीस,” गुंज म्हणाली.

अक्कानं वही तिच्याकडे सरकवली. गुंजनं पेन उचललं, आणि सवयीनं थांबली.

“वजा?”

“काही नाही,” अक्का म्हणाली. “आहे तेवढं लिही.”

गुंजनं लिहिलं. मग पेन आत्याला न देता खाली आधी स्वतःची सही केली.